हातखर्च कोणाच्या खिशातला?

शेगावहून सातपुड्याच्या दिशेने जाताना लागणारे वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. आसपासच्या खेड्यांतील कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा शेतकरी बियाण्यासाठी, खतासाठी आणि फवारणीच्या औषधासाठी अशाच गावाच्या रस्त्यावर येतो. मृगाचा पाऊस पडला की वऱ्हाडातील अशा प्रत्येक बाजारगावात कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी उसळते. त्या गर्दीतला शेतकरी कोणता हिशेब करीत असतो, हे सर्वांना ठाऊक आहे: बियाण्याची पाकिटे किती, युरियाच्या गोण्या किती, रोख किती आणि उधारी किती. परंतु त्याच वेळी दुकानाच्या गल्ल्यामागे आणखी एक हिशेब चालू असतो, आणि तो फारसा कोणाला दिसत नाही. अमुक कंपनीच्या अमुक औषधाच्या अमुक पेट्यांची उचल झाली की विक्रेत्याला सपत्नीक परदेशवारी. बँकॉक, दुबई, सिंगापूर. जशी उचल तसा देश. तिकीट कंपनीचे, हॉटेल कंपनीचे, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण कंपनीचे. विक्रेत्याने स्वतः काढायचा तो केवळ मुलांचा खर्च आणि हातखर्च.

या हातखर्चाची आखणी ही आजच्या सुखवस्तू मराठी घरातील एक गंभीर बाब होऊन बसली आहे. माणशी किती बाथ किंवा दिरहम घ्यावेत, रोख किती न्यावी आणि कार्डावर किती भरावे, मुलांच्या खेळबागेसाठी किती राखून ठेवावे, आप्तेष्टांच्या भेटवस्तूंत किती घालवावे, घरून चिवडा आणि दशम्या नेल्या तर दुपारच्या जेवणाचे किती वाचतील, याच्या याद्या होतात. त्या फाडल्या जातात आणि पुन्हा होतात. काटकसरीचा हा उत्साह कौतुकास्पदच म्हणावा लागेल. मात्र या याद्यांत एक रकाना कधीच नसतो. जे फुकट मिळाले ते कोणी दिले, आणि त्याने ते कोठून आणले, हा तो रकाना. प्रश्न त्या रिकाम्या रकान्याचा आहे.

फुकट काहीच नसते

कंपनी ही धर्मशाळा नव्हे. विक्रेत्याच्या जोडप्याला आठवडाभर परदेशात फिरवून आणण्याचा खर्च ती आपल्या भागधारकांच्या लाभांशातून करीत नाही. तो विक्रीखर्चाच्या खात्यावर पडतो, विक्रीखर्च मालाच्या किमतीत मिळतो, आणि मालाची किंमत शेतकरी मोजतो. ज्याने विमान जवळून कधी पाहिलेले नाही त्याच्या पैशाने विमानाचे तिकीट निघते. इतका हा व्यवहार सरळ आहे.

हे केवळ समाजवाद्यांचे म्हणणे आहे असे कोणी समजू नये. औषध कंपन्या डॉक्टरांना ज्या भेटी आणि सहली देतात, त्यांचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून प्राप्तिकरातून वजा करता येईल काय, हा प्रश्न फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. न्यायालयाने ती वजावट नाकारली. अशा 'फुकट' वस्तू वस्तुतः फुकट नसतात, त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत धरला जातो आणि अखेर रुग्णाच्याच माथी बसतो, हे तत्त्व त्या निकालात स्पष्टपणे नोंदले गेले आहे. डॉक्टरच्या जागी कृषी सेवा केंद्राचा चालक आणि रुग्णाच्या जागी कोरडवाहू शेतकरी ठेवा. वाक्यातील एकही शब्द बदलावा लागत नाही. दोन्ही ठिकाणी माल निवडतो एक आणि पैसे मोजतो दुसरा. निवडणाऱ्याला विक्रेत्या कंपनीने परदेशवारी दिली की त्याची निवड स्वतंत्र राहत नाही, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकारलाही हे सारे ठाऊक आहे. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यात कलम १९४-आर लागू करण्यात आले आणि धंद्यातून मिळणारा लाभ वर्षाकाठी २०,००० रुपयांहून अधिक असेल तर त्यावर १० टक्के कर आधीच कापून घेण्याची सक्ती झाली. त्याचा खुलासा करणाऱ्या जून २०२२ च्या परिपत्रकात, ठरावीक लक्ष्य गाठल्याबद्दल विक्रेत्याला व त्याच्या नातेवाइकांना घडविलेल्या सहलीचे उदाहरण चक्क नमूद आहे. नव्या मालाची माहिती देण्यासाठी भरविलेली परिषद हा लाभ नव्हे. परंतु परिषदेच्या आडून झालेली मौज, सोबत नेलेले कुटुंबीय, आधीचा किंवा नंतरचा वाढीव मुक्काम हा लाभच होय, असेही ते परिपत्रक बारकाईने सांगते. म्हणजे सहली होतात, लक्ष्य गाठण्यासाठी होतात आणि कुटुंबासह होतात, हे सरकारने लेखी मान्य केले आहे. मान्य करून सरकारने केले काय? आपला १० टक्क्यांचा हिस्सा काढून घेतला. गैरव्यवहार थांबविण्याऐवजी त्यावर कर बसविणे, ही राज्यकर्त्यांची नीती नवी नाही.

एका यादीचा अर्थ

आता त्या हातखर्चाकडे वळू. समजा, एका चौकोनी कुटुंबाने सहा दिवसांच्या मुक्कामासाठी दिवसाला १०,००० रुपये या बेताने ६०,००० रुपये हातखर्चास काढले. प्रवासी कंपन्यांच्या भाषेत ही रक्कम मामुली आहे. परंतु वरवट बकालच्या परिसरात पैशाचे मोजमाप रुपयांत होत नाही. ते क्विंटलात आणि हजेरीत होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने ६०,००० रुपये म्हणजे सुमारे साडेसात क्विंटल कापूस. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल पिकला असे धरले तरी जवळजवळ दोन एकरांचे सारे उत्पन्न झाले. त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणी अजून वजा व्हायची आहे. शिवाय हमीभाव मिळाला तर! त्या हंगामात खुल्या बाजारात अनेक ठिकाणी कापूस हमीभावाच्या खालीच विकला गेला.

हजेरीचा हिशेब याहून बोलका आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. एका दिवसाचा हातखर्च म्हणजे मजुराचे ३२ दिवस. सहा दिवसांचा म्हणजे १९२ दिवस. कायद्याने एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती, आणि ते पुरे १०० दिवस फार थोड्यांच्या वाट्याला आले. ते आले असे मानले तरी जवळजवळ दोन वर्षांची हमी सहा दिवसांत संपते. कापूस वेचणाऱ्या बाईला किलोमागे १० रुपये मिळाले आणि तिने दिवसभर वाकून ४० किलो वेचला असे धरले, तर त्याच ६०,००० रुपयांसाठी तिला १५० दिवस वेचणी करावी लागेल. वेचणीचा हंगाम तेवढा चालत नाही आणि तिची कंबरही तेवढी टिकत नाही.

हे आकडे कोणाच्या मुलाच्या हातातील आइस्क्रीम हिरावून घेण्यासाठी मांडलेले नाहीत. ते मांडले आहेत ते एवढ्यासाठी की, हातखर्चाची यादी आणि वेचणीची हजेरी या एकाच वहीच्या दोन बाजू आहेत. एका बाजूला खर्च लिहिला जातो. दुसऱ्या बाजूला तो भरला जातो.

बाटलीमागची बाटली

दुकानात प्रत्यक्ष काय घडते? ४५ किलो युरियाच्या गोणीची सरकारने ठरविलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे. या गोणीत विक्रेत्याला सुटणारा पैसा इतका थोडा असतो, की ती विकण्यात त्याला रस नसतो. रस असतो तो द्रवरूप 'टॉनिक'मध्ये, पिकाची वाढ दुप्पट करण्याचे आश्वासन देणाऱ्या बाटलीत, रंगीत पाकिटातल्या भुकटीत. म्हणून गोणी पाहिजे असेल तर बाटली घ्यावी लागते. हिलाच खेड्यात 'लिंकिंग' म्हणतात. कायद्याने ही सक्ती गुन्हा आहे, तरी दर खरिपात तिच्या तक्रारी होतात आणि दर खरिपात कृषिमंत्री कडक कारवाईचा इशारा देतात. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, विक्रेत्यांच्या संघटनांनीच वेळोवेळी तक्रार केली आहे की सक्ती वरून होते. कंपन्याच खताच्या गाडीबरोबर नको असलेला माल त्यांच्या माथी मारतात. सारे विक्रेते परदेशवाऱ्यांचे लोभी नाहीत. कित्येकांची उधारी शेतात अडकलेली असते, आणि पाऊस फसला की शेतकऱ्याबरोबर तेही बुडतात. परंतु या तक्रारीमुळे सहलीचे समर्थन होत नाही; उलट तिचे खरे स्वरूप उघडे पडते. वरून सक्तीचा चाबूक आणि समोर सहलीचे गाजर, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे, आणि तिच्या टोकाला उभा असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला गाजर येत नाही.

या बाटल्यांची योग्यता काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतःच सांगितले की, सुमारे ३०,००० जैव-उत्तेजके वर्षानुवर्षे कोणत्याही नियंत्रणाविना विकली जात होती; तपासणीचा निकष लावताच ती संख्या काही शेकड्यांवर आली. म्हणजे बाकीच्या हजारो बाटल्यांसाठी शेतकऱ्याने जे पैसे मोजले, ते पिकात उतरले असा कोणताही पुरावा नव्हता. ते उतरले कोठे? काही कारखानदाराच्या नफ्यात, काही विक्रेत्याच्या मार्जिनमध्ये आणि काही पट्टायाच्या समुद्रकिनाऱ्यावर.

प्रश्न केवळ पैशाचाही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती: वाढलेली झाडे, संरक्षक साधनांचा अभाव, जालीम औषधांची सरमिसळ. परंतु कोणते औषध कशात मिसळावे हे शेतकऱ्याला कोणी सांगितले, याचे उत्तर बहुतेक खेड्यांत एकच आहे: दुकानदाराने. कृषी खात्याच्या एकेका कर्मचाऱ्याकडे अनेक गावे असतात आणि त्याचा बराच वेळ कागद भरण्यात जातो. त्यामुळे सल्ला देण्याचे सार्वजनिक काम आपोआप विक्रीच्या गल्ल्यावर गेले आहे. ज्याचा सल्ला पिकाच्या आणि कधीकधी माणसाच्या जिवावर बेततो, त्याच्यापुढे पेट्यांच्या उचलीवर मोजलेले परदेशी तिकीट टांगून ठेवणे हा निव्वळ व्यापार नव्हे. ती बेजबाबदारी आहे.

समर्थनांचा समाचार

या प्रथेची तीन समर्थने नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, विक्रेत्याने मेहनत केली, त्याला रोख कमिशनऐवजी सहल मिळाली, यात बिघडले काय? उत्तर सोपे आहे. कमिशन द्यायचे तर ते उघड द्या, पावतीवर छापा, आणि स्पर्धा असेल तर त्यातला वाटा शेतकऱ्याला भावात मिळू द्या. रोख कमिशनातून विक्रेता ग्राहकाला दोन रुपये सोडू शकतो. विमानाच्या खुर्चीचा तुकडा तोडून कोणाला सूट देता येत नाही. सहलीचा मोह यासाठीच असतो की तिचा लाभ वाटता येत नाही. शिवाय लक्ष्य गाठायला दहा पेट्या कमी पडत असतील, तर हंगामाच्या अखेरीस त्या दहा पेट्या कोणाच्या रानात रिकाम्या होतात, हे सांगायला नको.

दुसरे समर्थन ज्ञानाचे. परदेशात आधुनिक शेती पाहायला मिळते, असे म्हणतात. पाहायला मिळत असेल तर उत्तमच आहे. मग ती पाहायला शेतकऱ्याला न्या. कोरडवाहू कापसाचा कोणता धडा दुबईच्या बाजारपेठेत मिळतो, हे अद्याप कोणी लिहून ठेवलेले नाही. वरवट बकालच्या परिसराला शिकायचेच असेल तर धडे जवळ आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे दुखणे संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. तेथील मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी जुन्या आहेत. जुलै २०२३ मध्ये याच दोन तालुक्यांत अतिवृष्टीने हाहाकार उडाला आणि उभ्या पिकांसह शेतातली माती वाहून गेली. खाऱ्या जमिनीत काय पिकवावे, खरडून गेलेले रान पुन्हा कसे उभे करावे, याचे ज्ञान देणारी सहल एकही कंपनी काढीत नाही, कारण त्यात पेट्यांची उचल नाही.

तिसरे समर्थन, हे म्हणणे मत्सरातून आले आहे, असे. दुसऱ्याचे सुख पाहवत नाही म्हणून ही ओरड, असा टोमणा मारला जातो. हा टोमणा गिरणी कामगारांनी बोनस मागितला तेव्हाही मारला गेला होता आणि शेतमजुरांनी किमान वेतन मागितले तेव्हाही. हिशेब मागणाऱ्याला मत्सरी म्हणणे ही हिशेब न देणाऱ्याची सर्वांत जुनी युक्ती आहे.

मोठी वही

वरवट बकालचा विक्रेता हा या साखळीतला लहान मासा आहे. त्याच्यावरच सारा रोख ठेवला तर मोठे मासे आनंदाने निसटतील. म्हणून थोडी मोठी वहीही उघडली पाहिजे. एके काळी परकीय चलन ही राष्ट्राची राखीव शिदोरी मानली जात होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या काळात सामान्य प्रवाशाला मोजकेच डॉलर मिळत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यातही मंत्री, बडे अधिकारी आणि मोठे उद्योगपती यांना वाट मोकळी होती, आणि इतरांसाठी हवाला होता. परंतु तिच्यामागचे तत्त्व बरोबर होते: जे थोडे आहे ते आधी कशासाठी खर्चावे, हे समाजाने ठरवावे.

२००४ मध्ये व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा मिळाली. २०१५ पर्यंत ती मर्यादा २,५०,००० डॉलरवर गेली. अज्ञान मुलालाही ती स्वतंत्रपणे लागू आहे. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १० लाख डॉलर; डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी साडेआठ कोटी रुपये. ही आता मर्यादा राहिलेली नाही, सताड उघडा दरवाजा झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये या योजनेखाली सुमारे २९.५ अब्ज डॉलर देशाबाहेर गेले, त्यांतले जवळजवळ १७ अब्ज केवळ प्रवासावर. शिक्षण आणि वैद्यकीय उपचार यांचे आकडे यात धरलेले नाहीत. त्यांचे रकाने वेगळे आहेत. धंद्याचा आणि तीर्थयात्रेचा प्रवास यात येतो हे मान्य केले, तरी रुपयांत ही रक्कम १ लाख ४० हजार कोटींच्या घरात जाते. त्याच वर्षी केंद्रीय कृषी मंत्रालयाची सारी तरतूद सुमारे १ लाख ३२ हजार कोटी रुपये होती. मूठभरांच्या प्रवासाला लागलेला पैसा कोट्यवधी शेतकऱ्यांच्या नावाने ठेवलेल्या पैशाहून मोठा ठरला. या एका तुलनेत आजच्या अर्थनीतीचे सारे चित्र आहे.

आणि चलन वाचवायचे झाले तर कोणावर बेतते? मध्यमवर्गाने २०२३ मध्ये परदेशी सहलीवरील वाढीव करकपातीविरुद्ध आवाज उठविला तेव्हा सरकारने सवलती दिल्या, मुदती वाढविल्या. क्रेडिट कार्डावरील परदेशातील खर्च मर्यादेत आणण्याचा निर्णय लांबणीवर टाकला. २०२५ मध्ये करमुक्त मर्यादा ७ लाखांवरून १० लाखांवर नेली. त्याच २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये, कापूस बोंडावर येत असताना, कच्च्या कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काढून टाकण्यात आले आणि ती सूट पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. परदेशी सहलीसाठी चलन आहे, परदेशी कापसासाठी चलन आहे. वऱ्हाडातल्या कापसाला मात्र खरेदी केंद्रावर रांग आणि ओलाव्याच्या टक्क्यांची कपात आहे.

सुटीचा हक्क

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. समाजवादी विचार हा विरक्तीचा विचार नाही. माणसाने घाण्याच्या बैलासारखे राबावे आणि समुद्र पाहू नये, असे त्याने कधीच म्हटलेले नाही. उलट, कष्टकऱ्याला पगारी सुटी मिळाली ती समाजवादी आणि कामगार चळवळीमुळे. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये लेओन ब्लुम यांच्या लोक-आघाडी सरकारने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांच्या भरपगारी सुटीचा कायदा केला, रेल्वेची सवलतीची तिकिटे दिली, आणि हजारो कामगार कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने भरपगारी सुटीचा करार संमत केला. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. प्रवास आणि विसावा हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत, ते श्रमाचे देणे आहे, हीच समाजवाद्यांची भूमिका राहिली आहे.

म्हणूनच प्रश्न असा आहे की, हे देणे शेतमजुराला कधी मिळाले? संग्रामपूर तालुक्यातल्या वेचणीच्या बाईला कोणत्या कायद्याने एक दिवसाची भरपगारी सुटी दिली? ती आजारी पडली तर हजेरी बुडते, बाळंत झाली तर हजेरी बुडते, मूल दगावले तरी हजेरी बुडते. तिला प्रवासाची हौस नाही असे कोणी म्हणू नये. मार्च २०२३ मध्ये राज्यात एसटीचे तिकीट बायकांना निम्म्या दराने झाले आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. शेगावचे दर्शन, माहेरचा एक मुक्काम, जमले तर पंढरपूर, एवढाच तिचा परदेश. त्या प्रवासाचा हातखर्च ती पदराच्या गाठीत बांधते, आणि त्यात कोणाच्याही घामाचा पैसा नसतो. असतो तो तिचाच. ज्याला कंपनीने फुकट फिरविले त्याला समाज यशस्वी म्हणतो, आणि हिच्या निम्म्या तिकिटाला मात्र फुकटेगिरी म्हणून नाके मुरडली जातात!

कर्जाची गोष्टही तशीच. सहलीसाठी कर्ज हवे असेल तर बँकेचा माणूस फोन करतो. आधी फिरा, मग फेडा, असा त्याचा आग्रह असतो. पीककर्ज हवे असेल तर सातबारा, आठ-अ, ना-हरकत दाखले घेऊन शेतकऱ्याने खेटे घालायचे. बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक २०१२ च्या सुमारास डबघाईला आली, तेव्हा या जिल्ह्यातील लहान शेतकऱ्याचा हक्काचा दरवाजा बंद झाला आणि तो दुकानाच्या उधारीच्या दारात अधिकच अडकला. उधारीवर माल घेणाऱ्याला कोणती बाटली नको, हे सांगण्याचे स्वातंत्र्य नसते. पेट्यांची उचल वाढते ती या लाचारीवर.

काय व्हावे

केवळ संताप व्यक्त करून थांबण्यात अर्थ नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता काढली आणि डॉक्टर व त्यांचे कुटुंबीय यांना देण्यात येणाऱ्या भेटी, तिकिटे, फुकटच्या सहली यांना मनाई केली. ती संहिता दातांविना आहे, हे खरे. तरीही तत्त्व मान्य झाले आहे. माणसाच्या औषधाला जे लागू झाले ते पिकाच्या औषधाला, खताला आणि बियाण्याला का लागू नये? शेतीमालाच्या निविष्ठांसाठी अशी मनाई कायद्यानेच झाली पाहिजे, आणि ती मोडणाऱ्या कंपनीचा परवाना गेला पाहिजे. दंड विक्रेत्यावर ढकलून कंपनीला मोकळे सोडता कामा नये. विक्रेत्याला मिळणारे कमिशन पावतीवर छापले जावे. कोणत्या मालावर कोणती 'स्कीम' चालू आहे, हे दुकानाच्या पाटीवर भावफलकाशेजारी लिहिलेले असावे. गोणीसोबत बाटली दिली तर फौजदारी व्हावी. आणि सल्ला देण्याचे काम गल्ल्यावरून उचलून पुन्हा कृषी खात्याच्या आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या माणसांकडे आणावे. त्यासाठी रिक्त पदे भरावीत आणि त्यांना बांधावर जायला वेळ द्यावा.

दुसरी मागणी अधिक मूलगामी आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. ज्या हमालाला ठरावीक मालक नव्हता, त्याच्यासाठी मंडळ झाले, मालकांकडून मजुरीवर आकार वसूल होऊ लागला, आणि त्यातून त्याला भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि भरपगारी रजा मिळाली. ज्याचा मालक रोज बदलतो त्याला रजा देता येत नाही, हे रडगाणे या कायद्याने कायमचे खोटे ठरविले. तोच न्याय शेतमजुराला लावा. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांच्या कंपन्या आज जो पैसा परदेशवाऱ्यांवर उधळतात, तेवढा विक्रीवरील आकार म्हणून वसूल करा आणि त्यातून शेतमजुरांच्या रजेचा निधी उभारा. शेतकऱ्यावर त्याचा नवा बोजा पडणार नाही. कारण तो पैसा तो आजही भरतोच आहे. फरक इतकाच पडेल की, तो समुद्र ओलांडून जाण्याऐवजी शिवारात परत येईल.

हे होईपर्यंत ज्यांना परदेशी जायचे आहे त्यांनी खुशाल जावे. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने जाणाऱ्याला कोणी अडविलेले नाही. त्यांनी हातखर्चाची यादीही अवश्य करावी. फक्त तिच्यात तो एक रकाना वाढवावा: हा पैसा कोणाचा? त्या रकान्यात प्रामाणिकपणे स्वतःचे नाव लिहिता आले तर सहल सुखाची होवो. लिहिताना हात अडखळला, तर पुढल्या मृगात युरियाच्या गोणीसोबत बाटली सरकविण्यापूर्वी समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. हातखर्च त्याच्याच खिशातून निघालेला आहे, आणि त्याने तो परत मागायला सुरुवात केली की कोणत्याही कंपनीचे तिकीट कामाला येणार नाही.